हवा आणि मृत्यूची नोंद

या पटांगणात आपण व्याख्यानासाठी तासभर बसता, तेवढ्या वेळात आपल्यापैकी प्रत्येकाच्या छातीत चारशे लिटरांहून अधिक हवा जाऊन बाहेर येते. दिवसाचा हिशेब केला तर तो दहा हजार लिटरांच्या घरात जातो. खाण्यापिण्याच्या बाबतीत माणसाला थोडीफार निवड असते. पाणी गढूळ दिसले तर तो ते गाळून घेतो, उकळतो किंवा दुसऱ्या विहिरीवर जातो. अन्न शिळे वाटले तर ताट बाजूस सारतो. हवेच्या बाबतीत ही मोकळीक नाही. समोर असेल ती हवा, जशी असेल तशी, दर मिनिटाला बारा-पंधरा वेळा आत घ्यावीच लागते. म्हणून हवा बिघडली तर शरीरावर तिचा परिणाम होणार, हे कोणालाही सहज पटते. परंतु ह्या बिघाडाने माणसे मरतात, आणि लाखांनी मरतात, असे म्हटले की ऐकणारा साशंक होतो. ‘आमच्या आळीत हवेने मेलेला माणूस आम्ही तरी पाहिला नाही,’ असे तो म्हणतो.

त्याचे म्हणणे खोटे नाही. मृत्यूच्या नोंदीत कारणाचा एक रकाना असतो. त्यात हृदयविकार, न्यूमोनिया, पक्षाघात, दमा असे काही तरी लिहिलेले असते. ‘हवा’ असे तेथे कोणी लिहीत नाही, आणि डॉक्टरही एकट्या रोग्याला तपासून तसे लिहू शकत नाही. मग हवेने माणसे मरतात हे ठरविले कोणी, आणि कसे? त्याचेच विवेचन येथे करावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, हवेने आलेला मृत्यू डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावा लागतो. जो समाज मोजीत नाही त्याला तो कधीच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यावर उपायही होत नाही.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण लंडन शहराचे आहे. १९५२ सालच्या डिसेंबरची ५ तारीख, शुक्रवार. थंडी कडाक्याची होती. लंडनमध्ये त्या काळी घरोघर दगडी कोळशाच्या शेगड्या पेटत, आणि चांगल्या प्रतीचा कोळसा परदेशी विकला जात असल्यामुळे गावात जळे तो बराचसा हलका, धुरकट कोळसा असे. त्यात कारखाने आणि विजेची केंद्रे ह्यांचा धूर. एरवी हा धूर वर चढतो आणि वाऱ्याबरोबर पांगतो. कारण जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची थंड असते, व उबदार हवा वर जाते. त्या दिवशी मात्र उलटे झाले. जमिनीलगत थंड हवा साचली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसला. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा प्रकार. वाराही पडला होता. धुराला वर जाण्यास वाट राहिली नाही आणि तो धुक्यात मिसळून शहरातच कोंडला. आपल्याकडे अशा धूर मिसळलेल्या धुक्याला ‘धुरके’ हा शब्द आता रूढ झाला आहे.

हे धुरके ९ तारखेपर्यंत, म्हणजे पाच दिवस टिकले. काही ठिकाणी स्वतःची पावले दिसेनाशी झाली. बस बंद पडल्या. धुरके घरांत, दवाखान्यांत, नाट्यगृहांत शिरले. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात चाललेला एक संगीतिकेचा प्रयोग, प्रेक्षकांना रंगमंच दिसेना म्हणून पहिल्या अंकानंतर थांबवावा लागला. जनावरांच्या प्रदर्शनासाठी आणलेली काही गुरे दगावली. ब्रिटिश हवामान खात्याच्या माहितीप्रमाणे त्या दिवसांत रोज सुमारे १००० टन धुराचे कण शहराच्या हवेत मिसळत होते, आणि कोळशातील गंधकापासून ८०० टनांच्या आसपास गंधकाम्ल तयार होत होते.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एवढे होऊनही माणसे हजारोंनी मरत आहेत हे त्या पाच दिवसांत लंडनकरांच्या ध्यानात आले नाही. रस्त्यावर कोणी कोसळून पडत नव्हते. म्हातारी माणसे, तान्ही मुले, आधीच छातीच्या विकाराने जर्जर झालेले लोक आपापल्या घरी वा दवाखान्यातील खाटेवर मरत होते. प्रत्येक घराला आपल्या घरचा मृत्यू तेवढा ठाऊक होता. ‘म्हातारे थकलेलेच होते, थंडीने गेले,’ असेच ज्याला त्याला वाटले. गावात काही तरी विपरीत चालले आहे हे कळले ते शवपेट्या कमी पडू लागल्या आणि दुकानांतील फुले संपली तेव्हा.

निश्चित आकडा हाती आला तो मात्र नोंदवहीतून. लंडन शहरात मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या छापण्याची प्रथा सतराव्या शतकापासूनची. जॉन ग्राँट नावाच्या एका कापडव्यापाऱ्याने ह्या याद्या घेऊन १६६२ साली एक पुस्तक लिहिले आणि मृत्यूंचीही गणिते मांडता येतात हे जगाला प्रथम दाखविले. तेव्हापासून मुरलेल्या ह्या सवयीचा १९५२ मध्ये उपयोग झाला. ६ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात विस्तृत लंडनमध्ये २०६२ मृत्यू नोंदले गेले होते. पुढच्या, म्हणजे १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात हा आकडा ४७०३ झाला. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात तो १८५२ होता. एका आठवड्यात अडीच पट! श्वासनलिकेचा दाह आणि न्यूमोनिया ह्यांचे मृत्यू तर सातपटींहून अधिक वाढले. कारणाच्या रकान्यात नावे नेहमीचीच होती. नवा रोग कोणताच नव्हता. संख्या मात्र बोलत होती.

सरकारने प्रथम फारसे मनावर घेतले नाही. नंतर जो अहवाल निघाला त्यात ह्या धुरक्याचे बळी सुमारे ४००० धरले गेले. परंतु धुरके निवळल्यावरही मृत्यूंची संख्या लगेच पूर्वपदावर आली नव्हती. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ती चढीच राहिली. ते जादा मृत्यू अहवालाने इन्फ्लुएंझाच्या खात्यावर टाकले. पुढे जवळजवळ ५० वर्षांनी, २००१ मध्ये, मिशेल बेल आणि देव्रा डेव्हिस ह्या दोन संशोधक स्त्रियांनी जुन्या वह्या पुन्हा उघडल्या. त्यांनी त्या महिन्यांतील एकूण जादा मृत्यू सुमारे १२००० भरतात असे दाखविले, आणि इन्फ्लुएंझाने त्यांतील थोड्याच मृत्यूंचा उलगडा होतो असे २००४ मधील पुढील अभ्यासात प्रतिपादिले. म्हणजे आठ हजार माणसांचा प्रश्न अर्धशतक चुकीच्या खात्यावर पडून राहिला होता. तरी वह्या शिल्लक होत्या म्हणून चूक उमगली. वह्याच नसत्या तर ती उमगण्याचा मार्गच नव्हता.

येथे कोणी म्हणेल, ‘लंडनचे धुरके हा अपघात होता. बेल्जियममध्ये म्यूज नदीच्या खोऱ्यात १९३० साली असेच धुरके कोंडून सुमारे ६० माणसे मेली. अमेरिकेत डोनोरा गावी १९४८ मध्ये २० मेली. असे प्रसंग क्वचित येतात. नेहमीच्या हवेचे काय? ती तर डोळ्यांना स्वच्छ दिसते.’ शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांचीही पुष्कळ वर्षे हीच समजूत होती की, विशिष्ट मर्यादेखालची अशुद्धी माणूस पचवितो.

ह्या समजुतीला पहिला मोठा धक्का अमेरिकेतील यूटा ह्या राज्यातील एका खोऱ्यात बसला. तेथे पोलादाचा एक मोठा कारखाना होता. तो १९८६ च्या ऑगस्टपासून १९८७ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सुमारे १३ महिने, मालक-मजुरांच्या तंट्यामुळे बंद पडला आणि नंतर पुन्हा सुरू झाला. आर्डेन पोप हे तेथील विद्यापीठातील अर्थशास्त्राचे अध्यापक. त्यांनी दवाखान्यांच्या वह्या तपासल्या. कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत दमा व श्वासनलिकेच्या दाहाने दवाखान्यात दाखल झालेल्या मुलांची संख्या, बंद असतानाच्या हिवाळ्याच्या मानाने दोन ते तीन पट भरली. गाव तेच, मुले तीच, थंडीही तीच. फरक एकच, की भट्टी विझलेली होती.

दुसरा पुरावा अधिक व्यापक होता. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील सहा गावे निवडली. काहींची हवा मळकी, काहींची चांगली. तेथील ८१११ प्रौढ माणसांची त्यांनी १४ ते १६ वर्षे खबर ठेवली. कोण विडी-सिगारेट ओढतो, कोण किती शिकलेला आहे, कोणाचे वजन किती, कोणाला कामाच्या जागी धूळ खावी लागते, ह्या सर्वांची वजावट करून १९९३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. सर्वांत मळक्या हवेच्या गावात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ हवेच्या गावाहून २६ टक्क्यांनी जास्त होते. उद्योगधंद्यांकडून साहजिकच आक्षेप आले. तेव्हा मूळ आकडे एका त्रयस्थ संस्थेच्या हवाली करण्यात आले, जिचा निम्मा खर्च खुद्द मोटार-उत्पादक उचलतात. तिने ते नव्याने तपासले आणि २००० साली निष्कर्ष कायम केला.

ह्या अभ्यासातील एक आकडा आम्ही आपल्या विशेष लक्षात आणून देतो. हवेतील बारीक कणांचे वजन मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशात, सांगतात. त्या सहांपैकी सर्वांत मळक्या गावात दर घनमीटर हवेत असे कण सरासरी सुमारे ३० मायक्रोग्रॅम होते, सर्वांत स्वच्छ गावात ११. आपल्या देशाने २००९ मध्ये ठरविलेली वार्षिक मर्यादा आहे ४०. म्हणजे ज्या गावच्या हवेने माणसे अधिक मरतात असे सिद्ध झाले, ते गाव आपल्या कायद्याने ‘उत्तीर्ण’ ठरले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १० वरून ५ वर आणली. कारण पुढील संशोधनात, ज्याच्या खाली काहीच अपाय नाही असा उंबरठा सापडला नाही.

शेकडा २६ अधिक मृत्यू, परंतु त्यांतला हवेचा मृत्यू नेमका कोणता? हे सांगता येत नाही, आणि लोकांचा गोंधळ होतो तो येथेच. शकुनीच्या फाशांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. समजा, एखाद्या फाशात एका बाजूने शिसे भरले. आता हवे ते दान अधिक वेळा पडू लागेल. पण समोर पडलेले एखादे दान उचलून ‘हे शिशामुळे पडले काय?’ असे विचारले तर उत्तर देता येणार नाही; शिसे नसतानाही ते अधूनमधून पडतच असते. शंभर वेळा फासे टाकून मोजले म्हणजेच कपट उघडे पडते. मळकी हवा ही मृत्यूच्या फाशातील शिशासारखी आहे. ती नवे दान निर्माण करीत नाही. जे दान कधी तरी पडायचे ते लवकर आणि वारंवार पाडते. म्हणूनच ह्या मृत्यूंना ‘अकाली’ म्हणतात. आणि हा धोका एकेका माणसाला थोडा असला तरी तो गावातील झाडून साऱ्या माणसांना, रोज, जन्मापासून असतो. त्यामुळे बेरीज मोठी होते.

आता, हे होते कसे? आपल्या नाकात केस आहेत, घशात चिकट ओलावा आहे, श्वासनलिकांत बारीक लव आहे. ती केरसुणीसारखी सतत वरच्या दिशेने हलत असते आणि अडकलेली धूळ कफाबरोबर बाहेर ढकलते. रस्त्यावरची जाडी धूळ ह्या पहाऱ्याने बहुतेक अडते. परंतु लाकूड, कोळसा, डिझेल, कचरा ह्यांच्या जळण्यातून जे कण निघतात ते फारच बारीक असतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी आकाराच्या कणांना हा पहारा अडवू शकत नाही. माणसाच्या केसाची जाडी अशा कणाच्या वीस-तीस पट असते, एवढे सांगितले म्हणजे कल्पना येईल. हे कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या टोकाशी, वायुकोशांपर्यंत पोचतात. तेथे रक्त आणि हवा ह्यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. ह्या वायुकोशांची संख्या तीस कोटींहून अधिक, आणि ते सारे उलगडून पसरले तर जवळजवळ बॅडमिंटनच्या मैदानाएवढी जागा व्यापतील.

वजनाने पाहिले तर हा मामला क्षुल्लक वाटतो. आपल्या कायद्याच्या मर्यादेतील हवा दिवसभर घेतली तर आत जाणाऱ्या बारीक कणांचे वजन अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी भरते, म्हणजे मोहरीच्या एका दाण्यापेक्षाही हलके. पण ते कोट्यवधी कणांत विभागलेले असते आणि नाजूक जागी बसते. त्या जागेला दाह होतो. दाह फुप्फुसापुरता राहत नाही. त्याचे परिणाम रक्तात उतरतात. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यांच्या आतील चरबीचे थर फुटण्याचा संभव वाढतो. म्हणून हवेचा मुख्य मारा छातीवर होतो ही समजूतही अपुरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ मध्ये बाहेरच्या मळक्या हवेने झालेल्या अकाली मृत्यूंपैकी ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघात ह्यांचे होते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४ टक्के होते. परंतु त्याबाबत शंका उरलेली नाही, कारण २०१३ मध्ये कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बाहेरची दूषित हवा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकली, ज्या वर्गात तंबाखूचा धूरही आहे.

लंडन आणि अमेरिका ह्यांच्या गोष्टी झाल्या. आपल्या घरी काय आहे? आमच्या लहानपणी स्वयंपाकघरात चूल असे. सरपण ओले निघाले की घरभर धूर होई, आई फुंकणीने फुंकून फुंकून बेजार होई, पदराने डोळे पुशी, आणि आम्ही हसत असू. तो धूर म्हणजे काही अपाय आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. परंतु ते एका डॉक्टरीणबाईंच्या मनात आले. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती ह्या भारतातील पहिल्या हृदयरोगतज्ज्ञ स्त्री. दिल्लीत काम करीत असता, फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याचा आजार त्यांनी अभ्यासिला आणि १९५९ मध्ये तो प्रसिद्ध केला. हा आजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा, अशी पाश्चात्त्य ग्रंथांची शिकवण. दिल्लीत मात्र विडी न ओढणाऱ्या स्त्रियाही त्याने मोठ्या संख्येने आजारी पडत होत्या. त्या स्त्रिया ओढीत होत्या तो धूर चुलीचा होता.

पुढे १९८०च्या सुमारास कर्क स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातेतील काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान यंत्रे लावून, त्यांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले. मोठमोठ्या शहरांच्या हवेबद्दल जग ओरड करीत होते. ह्या बायका तिच्याहून कित्येक पटींनी वाईट हवेत रोज भाकऱ्या थापीत होत्या. त्यापूर्वी कोणी मोजलेच नव्हते, कारण यंत्रे शहरांच्या चौकांत बसविलेली होती आणि चूल घराच्या आतल्या खोलीत होती. त्याच सुमारास मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत ह्यांनी लालबाग, चेंबूर आणि खार ह्या वस्त्यांतील रहिवाशांची एका ग्रामीण वस्तीशी तुलना केली आणि गिरण्या-कारखान्यांच्या हवेत राहणाऱ्यांच्या छातीच्या तक्रारींची पद्धतशीर नोंद प्रथम आपल्या हाती दिली.

आज ह्या सर्व मोजण्यांवरून जो हिशेब मांडला जातो तो असा. जगात घराच्या आतील आणि बाहेरील मळक्या हवेने मिळून दर वर्षी सुमारे ६७ लाख अकाली मृत्यू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातील शास्त्रज्ञांनी केलेल्या गणनेप्रमाणे २०१९ मध्ये आपल्या देशात हा आकडा १६ लाख ७० हजार होता. म्हणजे त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ १८ टक्के. त्याच गणनेत एक समाधानाची आणि एक चिंतेची गोष्ट आहे. १९९० ते २०१९ ह्या काळात घरातील धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर ६४ टक्क्यांनी उतरला. गॅसच्या शेगड्या जसजशा घरांत गेल्या तसतशी ही उतरण झाली, हे उघड आहे. उलट बाहेरच्या बारीक कणांनी होणाऱ्या मृत्यूंचा दर त्याच काळात दुपटीहून अधिक झाला. आम्ही स्वयंपाकघरातून धूर काढला आणि रस्त्यावर आणून सोडला.

हे आकडे एकेक प्रेत मोजून काढलेले नसतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोणत्या हवेत धोका किती वाढतो ह्याचे अभ्यास, कोणत्या भागात हवा कशी आहे ह्याची मापे आणि कोणत्या रोगाने किती माणसे जातात ह्याच्या नोंदी, अशा तिन्ही गोष्टींच्या गुणाकारातून ते येतात. त्यांत थोडे इकडे-तिकडे होऊ शकते. ह्याचाच आधार घेऊन आपल्या संसदेत सरकारतर्फे एकाहून अधिक वेळा असे उत्तर देण्यात आले आहे की, केवळ हवेच्या प्रदूषणाने मृत्यू झाल्याचा थेट संबंध सिद्ध करणारी निर्णायक माहिती देशात उपलब्ध नाही. ह्या उत्तरातील ‘केवळ’ हा शब्द नीट पाहावा. केवळ हवेने कोणी मरत नाही हे खरेच. केवळ तंबाखूनेही कोणी मरत नाही, मरतो तो कर्करोगाने. शिसे भरलेल्या फाशाचे एकेक दान दाखवून ‘हे केवळ शिशाने पडले हे सिद्ध करा’ म्हणण्यासारखाच हा प्रकार होय. आणि माहिती नसेल तर ती का नाही, हा प्रश्न उरतोच. २०२० च्या सरकारी अहवालाप्रमाणे आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. उरलेल्यांचा तो रकाना कोराच म्हणावयाचा. वही कोरी ठेवायची आणि वहीत काही नाही म्हणून निश्चिंत राहायचे, हा न्याय बरा नव्हे.

हा रकाना कसा भरता येतो ह्याचे एक उदाहरण पुन्हा लंडनचेच आहे. तेथे एका हमरस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने २०१३ मध्ये गेली. तीन वर्षांत तिला पंचवीसहून अधिक वेळा दवाखान्यात न्यावे लागले होते. पहिल्या चौकशीत नेहमीप्रमाणे रोगाचे नाव लिहून प्रकरण मिटले. तिच्या आईने ते सोडले नाही. घराजवळच्या हवामापन केंद्राच्या नोंदी आणि मुलीच्या आजारपणाच्या तारखा एका तज्ज्ञाने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. अखेर डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने मृत्यूच्या कारणांत ‘हवेचे प्रदूषण’ असे नमूद केले. ब्रिटनमध्ये असे प्रथमच घडले. ते घडले ह्याचे कारण दोन्ही वह्या तेथे होत्या: हवेची आणि माणसांची.

उपायाचा विचार करताना १९५२ नंतर लंडनने काय केले ते पाहावे. त्यांनी लोकांना ‘तोंडाला रुमाल बांधा’ एवढेच सांगून हात झटकले नाहीत. सर ह्यू बीव्हर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने १९५४ मध्ये शिफारशी केल्या आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. शहराचे विभाग धूरबंदीचे म्हणून जाहीर झाले, घरांतील शेगड्या बदलण्यासाठी सरकारी पैसा दिला गेला. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. गरिबाला ‘कोळसा जाळू नको’ म्हणणे सोपे. दुसरे काय जाळू, हे सांगणे आणि त्याचा भार उचलणे कठीण. १९६२ च्या डिसेंबरात तसेच धुरके पुन्हा पडले. तेव्हाही शेकडो माणसे गेली. हजारो मात्र गेली नाहीत. आणि त्या जुन्या काळ्या धुरक्याने पुढे लंडन सोडले ते सोडलेच.

आपल्याकडे हवेचा कायदा १९८१ चा आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. हवेची मर्यादा पाळू न शकलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, जळगाव, लातूर, जालना, चंद्रपूर अशी महाराष्ट्रातील डझनाहून अधिक नावे आहेत. ही काही केवळ कापडगिरण्यांची आणि भट्ट्यांची गावे नव्हेत. आपल्यासारख्या माणसांची, शाळांची आणि बाजारपेठांची गावे आहेत. तेव्हा हा प्रश्न दिल्लीचा आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही.

घरापुरते पाहायचे तर काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. चूल असेल तेथे गॅस यावा, आणि आलेला गॅस पुन्हा भरण्याची ऐपत राहावी. तोवर चुलीच्या खोलीला धुराडे असावे. बंद खोलीत रात्रभर मच्छर-कॉइल जाळू नये; पुण्यातील छातीरोग-संशोधकांनी मोजून दाखविले आहे की, एका कॉइलमधून शंभर सिगारेटींच्या धुराइतके बारीक कण निघतात. कोपऱ्यावर पालापाचोळा आणि प्लॅस्टिक पेटविणाऱ्याला थांबवावे. लहान मुले आणि दमेकरी ह्यांना फटाक्यांच्या रात्री बाहेर काढू नये. पण एवढ्याने भागत नाही. पाणी ज्याचे त्याला उकळून घेता येते; हवा ज्याची त्याला गाळून घेता येत नाही. श्रीमंताच्या दिवाणखान्यातले हवा गाळण्याचे यंत्र त्याच्या मोलकरणीच्या वस्तीत नसते, आणि तोही कधी तरी रस्त्यावर येतोच. हवा ही गावाची सामाईक मिळकत आहे, आणि तिचा हिशेब गावानेच मागितला पाहिजे.

तो मागावयाचा म्हणजे काय करावयाचे? आपल्या नगरपालिकेला दोन साधे प्रश्न विचारावयाचे. गावात हवा मोजण्याचे केंद्र आहे काय, असल्यास कोठे, आणि त्याची रोजची नोंद नागरिकांना वाचता येते काय? आणि गावात महिन्याकाठी किती माणसे कोणत्या रोगाने जातात, ह्याची नोंद किती डॉक्टरांच्या सहीनिशी होते? ह्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की पुढचे काम अनुभवी माणसे करतील. आणि आपल्या घरी जेव्हा कोणी जाईल, तेव्हा दुःखाच्या भरातही त्या रकान्यात डॉक्टरकडून खरे कारण लिहून घ्यावे. गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. पण मागे राहिलेल्यांना श्वास ह्याच हवेत घ्यावयाचा आहे.